वहिनींना दुखत नाही

सोनोग्राफीच्या खोलीत एक टेबल होतं, एक मशीन होतं, एक डॉक्टर होते आणि मधोमध एक पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला लोकांची पोटं यायची, दुसऱ्या बाजूला वहिनी बसायच्या. डॉक्टर मशीनकडे बघत मोठ्याने बोलत आणि वहिनी पडद्यामागे ते टाइप करत. एकोणीस वर्षांत लोकांच्या पोटातलं काय काय म्हणून त्यांनी टाइप केलं असेल, त्याला गणती नाही. पण त्यातलं एक तरी पोट त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल तर शपथ.

या वहिनी नेमक्या कोणाच्या? खरं तर एकाच माणसाच्या. त्यांचा दीर खाली औषधांच्या खिडकीत बसायचा आणि नोकरी त्यानेच लावून दिलेली. पहिल्याच दिवशी तो जिन्यातून ओरडला, "वहिनी, डबा विसरलात!" झालं. त्या क्षणापासून त्या अख्ख्या इमारतीच्या वहिनी झाल्या. वॉचमन वहिनी म्हणायचा, नर्सा वहिनी म्हणायच्या, वयाने वीस वर्षं मोठे असलेले डॉक्टर वहिनी म्हणायचे. त्यांचे सासरे एकदा तपासणीला आले, तेसुद्धा चारचौघांचं ऐकून "बरं आहे ना वहिनी?" म्हणून गेले आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. खुद्द यजमानांना दवाखान्यात फोन करायचा झाला तर "वहिनी आहेत का?" असंच विचारावं लागे, कारण दुसरं नाव सांगितलं तर समोरून "अशा कोणी इथे नाहीत" म्हणून फोन ठेवला जाई.

डॉक्टर हुशार होते, पण त्यांना एक खोड होती. वहिनींच्या बोटांचा टकटक आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना निदान सुचत नसे. बोटं चालली की ते बोलत, थांबली की तेही थांबत. दिराच्या लग्नाला वहिनींनी दोन दिवस रजा घेतली, तेव्हा चाळीस रिपोर्ट असे निघाले की प्रत्येक वाक्य अर्ध्यात तुटलेलं. पुढच्या रजेला डॉक्टरांनी वॉचमनला पडद्यामागे बसवून पेनाने टेबल वाजवायला सांगितलं. तोही बिचारा दिवसभर वाजवत बसला. पण तो ठेक्यात वाजवायचा, त्यामुळे डॉक्टर मान डोलवायला लागले आणि कामाचा बट्ट्याबोळ झाला.

वहिनींचीही एक खोड होती, आणि ही सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. काय झालं म्हणून कोणीही विचारलं की वहिनी म्हणायच्या, "काही नाही." लहानपणी दारात बोट चेंगरलं तेव्हा काही नाही. सासरी पहिल्या दिवशी सासूबाईंनी चहात तीन चमचे साखर घालून "गोड चालतो ना?" विचारलं, तेव्हा "काही नाही, चालतो" म्हणाल्या. खरं तर त्यांना गोड चहाने मळमळायचं. तरी तेवीस वर्षं त्या तीन चमच्यांचा चहा प्यायल्या. दिराने हौसेने बूट आणून दिले, ते एक नंबर लहान निघाले, "घट्ट होतात का?" "काही नाही." मुलीच्या वेळी दवाखान्यात पोचल्यावर नर्सने विचारलं, कळा येताहेत का? "तशा काही नाही," म्हणाल्या, आणि मुलगी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये झाली. या गोष्टीचं घरात अजून कौतुक होतं. आता कौतुक कशाचं करावं याला काही धरबंध हवा, पण घराघरात असंच असतं. जी तक्रार करत नाही ती गुणाची.

पडद्यामागे मात्र वहिनींचा कान फार तयार झाला होता. पित्ताशय तपासायचं असलं की डॉक्टर पोटावर फिरवायची ती मूठ, जिला ते प्रोब म्हणत, बरोबर उजव्या बरगडीखाली दाबून धरत आणि "मोठा श्वास घ्या" म्हणत. पित्ताशय सुजलेलं असेल तर माणसाचा श्वास अर्ध्यातच अडकायचा. डॉक्टर "दुखतंय?" विचारायच्या आत वहिनींनी "दाबल्यावर वेदना: आहे" असं टाइप केलेलंही असे. "आई गं"चे सतरा प्रकार त्यांना ओळखू येत. घाबरून म्हटलेलं आई गं, बायको बाहेर उभी आहे म्हणून म्हटलेलं आई गं आणि खरोखरीचं आई गं, यांत त्यांची कधी गल्लत झाली नाही.

एकदाच झाली, आणि तीही त्यांची नव्हेच. सहा वर्षांपूर्वी एक ट्रक ड्रायव्हर आला होता. दोन दिवस दुखण्याने गडबडा लोळलेला, आणि टेबलावर आला तेव्हा चक्क हसत होता. डॉक्टरांनी दाबलं. "दुखतंय?" "छे, डॉक्टर, आता एकदम मस्त!" वहिनींनी टाइप केलं, वेदना: नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, उद्या बघू म्हणून त्याला वॉर्डात पाठवलं, आणि उजाडायच्या आत तो गेला. पित्ताशय सुजून सुजून सडलं होतं. सडलेली जागा दुखत नाही, कारण दुखतंय हे सांगणाऱ्या नसाही तिथेच मेलेल्या असतात. डॉक्टर दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी आले आणि पित्ताशयाच्या रिपोर्टच्या ठरलेल्या मजकुरात शेवटी कायमची एक ओळ घालायला लावली: सूज स्पष्ट असून दाबल्यावर वेदना नसल्यास सर्जनना ताबडतोब कळवणे. ती ओळ वहिनींनीच टाइप केली होती. त्या ड्रायव्हरचं हसू त्यांच्या कानातून कधी गेलं नाही.

तर अशा या वहिनींच्या उजव्या बरगडीखाली एका बुधवारी दुखायला लागलं.

जेवण झालं की कळ यायची आणि मागून खांद्यापर्यंत चढायची. वहिनींना हे काय आहे ते कळलं नाही, असं कोणी म्हणू नये. दिवसाला पाच माणसांचं त्या हेच टाइप करत होत्या. पण लोकांना होतं ते आजारपण आणि आपल्याला होतं ते काही नाही, असा त्यांचा हिशेब. सोमवारी बाथरूमची कडी लावून, टॉवेल दातात धरून, त्या पाऊण तास बसल्या. बाहेरून यजमानांनी विचारलं, "काय गं?" आतून उत्तर गेलं, "काही नाही, केस धुतेय."

पुढच्या गुरुवारी सकाळी अंगात ताप घेऊनच त्या कामावर आल्या. अकराच्या सुमाराला, कोणाच्या तरी डाव्या मूत्रपिंडाच्या मधोमध, टकटक थांबली. डॉक्टरांचं वाक्य जागच्या जागी खुंटलं. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पडदा बाजूला केला. वहिनी पांढऱ्याफटक बसल्या होत्या.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या आणि स्टुलावरून खाली घसरल्या.

खाली तातडीच्या विभागात नर्सने विचारलं, "दुखतंय का? दहापैकी किती?" दहापैकी अकरा असतं तर तेवढं होतं. वहिनींनी तिच्या हातातल्या कामांचा ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "असेल एखादा." नर्सने लिहिलं: एक. एक म्हणजे दुखणं थांबवायचं इंजेक्शन नाही, तेवढं आपलं सलाइन लावून ठेवायचं. रक्त तपासायला गेलं. वहिनी खाटेची दांडी धरून छताकडे बघत पडल्या.

दुपारी दोन वाजता कळ थांबली.

अशी थांबली की वहिनींना आधी बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. एकाएकी सगळं शांत. औषध नाही, इंजेक्शन नाही, आणि दुखत नाही. ट्रक ड्रायव्हर असाच हसत आला होता.

तीन वाजता त्यांना वर आणलं आणि त्या टेबलावर निजवलं. पडदा या बाजूने हिरवागार आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांच्या बाजूने तो ऊन खाऊन पांढरा पडला होता. डॉक्टरांनी पोटावर गार जेली घातली, प्रोब टेकवला आणि तोंड उघडलं. शब्द फुटेना. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. पडद्यामागे कोणीच नव्हतं, मग टकटक कुठून येणार?

"वहिनी," ते कसनुसे होऊन म्हणाले, "एक विचारू का? तुम्हाला जमेल का जरा..."

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या.

कीबोर्ड त्यांच्या छातीवर ठेवला. त्याची वायर पुरेना, म्हणून कॉम्प्युटर ओढून टेबलाच्या पायथ्याशी आणला, स्क्रीन त्यांना दिसेल असा वळवला, आणि ताप आलेल्या माणसाच्या बोटांना जेवढं जमेल तेवढं वहिनींनी टाइप करायला घेतलं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. वाचा फुटली.

"पित्ताशय फुगलेलं. तोंडाशी अडकलेला खडा, अठरा मिलिमीटर."

टकटक.

"पित्ताशयाची भिंत..." डॉक्टर थांबले. "सात मिलिमीटर."

भिंत तीनच्या वर गेली की सूज, हे वहिनींना झोपेतसुद्धा माहीत होतं. त्यांनी सात टाइप केला. बोट जेलीने निसटलं आणि दोन साते पडले. त्यांनी एक पुसला.

"आत पापुद्र्यासारखं काहीतरी तरंगतंय. किंवा नुसता गाळ असेल. गॅस आड येतोय, नीट दिसत नाही."

"पापुद्रा लिहू की गाळ?"

"प्रश्नचिन्ह टाका."

एकोणीस वर्षांत या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये प्रश्नचिन्ह टाकायला सांगितलं नव्हतं. ते कुठे असतं, हे वहिनींना शोधावं लागलं.

मग डॉक्टरांनी प्रोब बरगडीखाली दाबला. "मोठा श्वास घ्या." वहिनींनी घेतला, पूर्ण, कुठेही न अडकता. "दुखतंय?"

"नाही."

डॉक्टरांनी आणखी दाबला. "आता?"

"नाही, डॉक्टर."

"वहिनी, खरं सांगा हं."

"खरंच नाही हो!"

 स्क्रीनवर तळाला ती ओळ दिसत होती: सर्जनना ताबडतोब कळवणे. डॉक्टरांनी फोन केला.

सर्जनबाई आल्या. बुटक्या, चपळ, दोन्ही हात कायम कोपरापासून वर धरलेले, आत्ताच धुऊन आल्यासारख्या. ऑपरेशन थिएटर एकच होतं. बाहेर ट्रॉलीवर दुसरा एक पेशंट तयार होता, आणि चार वाजता त्याच्या पोटाला हात घातला की पाच तास त्या बाहेर येणार नव्हत्या. म्हणजे ठरवायचं ते वीस मिनिटांत. नुसती सूज असेल तर सलाइनमधून औषधं देऊन उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन वहिनींचं. पित्ताशय सडलेलं असेल तर आत्ता, याच घटकेला, नाहीतर ते पोटात फुटायचं.

"दाबल्यावर दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"नाही म्हणताहेत," डॉक्टर म्हणाले.

"भिंत सात, आणि दुखत नाही? मग सडलंय. चला, आत घ्या."

"तसं नाही, मॅडम. या वहिनी आहेत."

"मग?"

"यांना काहीच दुखत नाही. कधीच. यांची मुलगी लिफ्टमध्ये झाली."

सर्जनबाईंनी नर्सचा कागद पाहिला. सकाळी दहापैकी एक. "म्हणजे हिला पहिल्यापासून दुखतच नव्हतं? मग प्रश्न वेगळा. जे दुखत होतं ते थांबलं तर वाईट. जे दुखलंच नाही ते थांबणार कसं? घरचं कोणी आहे का बाहेर? बोलवा."

आणि मग त्या खोलीत, कमरेपर्यंत उघड्या पोटाच्या वहिनींना मध्ये ठेवून, एक अशी चौकशी सुरू झाली जी कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात सापडायची नाही.

आधी यजमान आले. वजनकाटे दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. मापात बसेल तेवढंच ते बोलत. "दुखत असतं तर ती बोलली असती," ते म्हणाले. "मी रोज विचारतो. रोज काही नाही म्हणते. काटा काय तो सरळ आहे."

सासूबाई पुढे झाल्या. "काटक आहे हो आमची सून! तेवीस वर्षांत कधी हूं नाही की चूं नाही. मी तिला माझ्या हातचा चहा देते रोज, त्यानेच तब्येत टिकलीय तिची."

"वहिनींसारखी बाई नाही," दीर गहिवरून म्हणाला. त्याने टेबलाखालच्या बुटांकडे बोट दाखवलं. "मी दिलेले बूट बघा, दोन वर्षं झाली, अजून वापरतात!"

एकेकाच्या तोंडून असं कौतुक ओसंडत होतं आणि प्रत्येक शब्दागणिक वहिनी खड्ड्यात चालल्या होत्या. साक्षी सगळ्या एकाच तोंडाच्या: हिला दुखत नाही, हिला कधीच दुखलं नाही. प्रेमाने बोलत होते हो सगळे, म्हणून तर राग येतो. वैर असतं तर निदान एखादा म्हणाला असता, नाटकं करते, रोज कण्हते. त्याने तरी जीव वाचला असता.

"ठीक," सर्जनबाई म्हणाल्या. "दुखतच नव्हतं. म्हणजे नुसती सूज. औषधं चालू करा, उद्या सकाळी बघू." त्यांनी घड्याळ पाहिलं. चारला आठ मिनिटं होती.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंनी डॉक्टरांना हात जोडले. वहिनींनी ते शब्द ऐकले. उद्या बघू. ड्रायव्हरलाही हेच म्हटलं होतं, हेच दोन शब्द, आणि त्याला उद्याचा दिवस दिसला नव्हता. आपण मरणार, त्यांना स्पष्ट कळलं. आपल्याच चांगल्या नावापायी मरणार.

"थांबा!" त्या म्हणाल्या.

दारातून बाई वळल्या. "काय झालं?"

वहिनींनी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून, जन्माच्या सवयीने, आपोआप बाहेर पडलं, "काही नाही."

बाईंनी दार ढकललं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती आपल्याच जिभेची होती. जीभ दगा देणार हे उघडच झालं. पण बोटं? बोटांनी एकोणीस वर्षांत एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. वहिनींनी कीबोर्डवर हात ठेवले.

टकटक सुरू झाली.

ती ऐकली मात्र, डॉक्टरांची नजर आपोआप स्क्रीनकडे गेली आणि तोंड आपोआप उघडलं. समोर जे उमटत होतं ते त्यांनी त्यांच्या रोजच्या सपाट, रिपोर्टच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मागच्या आठवड्यातल्या बुधवारपासून दुखत होतं. जेवल्यावर. उजव्या बरगडीखाली, खांद्यापर्यंत. सोमवारी बाथरूममध्ये टॉवेल दातात धरून पाऊण तास. केस धुतले नव्हते. आज सकाळी दहापैकी दहा. नर्सला एक सांगितलं, ते खोटं. दोन वाजता एकदम थांबलं. औषधाशिवाय थांबलं. आता खरंच दुखत नाही."

सर्जनबाई दारातच थांबल्या. "आता हे खरं कशावरून? सकाळचं खोटं होतं म्हणतेस."

टकटक थांबली नाही. धरण फुटलं की दरवाजा कोणता आणि भिंत कोणती हे पाणी बघत नाही.

"बूट एक नंबर लहान आहेत," डॉक्टर त्याच आवाजात वाचत राहिले. "दोन वर्षं चावतात. चहात साखर आवडत नाही. कधीच आवडली नव्हती. तीन चमच्यांनी मळमळतं."

"साखर?" सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"लिफ्टमध्ये मरणार असं वाटलं होतं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं."

"अगं, पण मी रोज विचारतो ना!" यजमान कळवळून म्हणाले. "रोज सकाळी विचारतो, बरी आहेस ना?"

वहिनींची बोटं क्षणभर थांबली. मग त्यांनी सावकाश टाइप केलं. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच रिपोर्टसारखा निघाला नाही.

"तुम्ही विचारता तेव्हा दारात उभे असता. एक बूट पायात असतो. उत्तर ऐकायच्या आत कडी लागते."

 

सर्जनबाई झपझप आत आल्या, पण वहिनींच्या पोटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, पायांवरची चादर दूर केली आणि वहिनींचे मोजे ओढून काढले. दोन्ही पायांच्या करंगळ्यांची नखं काळीनिळी. अंगठ्यांवर फोड, फोडांवर जुने घट्टे. त्यांनी एक घट्टा दाबला.

"आई गं!" वहिनी म्हणाल्या. खरोखरीचं.

"खरं बोलतेय ही," सर्जनबाई म्हणाल्या. "एवढं सोसून काही नाही म्हणणारीला पित्ताशयाचंही दुखलंच असणार, आणि आता दुखत नाही म्हणजे गेलं ते. ट्रॉलीवरच्या पेशंटला परत वॉर्डात न्या. हिला आधी. सर, रिपोर्ट पूर्ण करा, मी हात धुते." पायाच्या करंगळीवरून पित्ताशय सडल्याचं निदान करणाऱ्या जगात त्या एकट्याच असाव्यात. जाता जाता त्यांनी दिराकडे असं पाहिलं की तो आपल्याच बुटांकडे बघायला लागला.

डॉक्टरांनी डोळे पुसले. "लिहा वहिनी. दाबल्यावर वेदना: नाही. खरंच."

"खरंच नको," वहिनी म्हणाल्या. "आपण रिपोर्टला असलं काही जोडत नाही."

त्यांनी पूर्णविराम दिला, वायर काढायला लावली आणि कीबोर्ड यजमानांच्या हातात ठेवला. जेलीने बरबटलेला कीबोर्ड छातीशी धरून यजमान ट्रॉलीमागून थिएटरच्या दारापर्यंत गेले. आत नेऊ देईनात, तरी तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

पित्ताशय काळंहिरवं निघालं. चिमट्यात धरलं की ओल्या कागदासारखं फाटत होतं. "सकाळपर्यंत टिकलं नसतं," सर्जनबाई बाहेर येऊन म्हणाल्या. यजमान तिथेच बाकावर बसले आणि कीबोर्डावर डोकं ठेवून रडले. तो कॉम्प्युटरला जोडलेला नव्हता म्हणून बरं. नाहीतर तेही रिपोर्टात गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात माणसं जमली. सासूबाईंनी थर्मासमधून चहा आणला होता, बिनसाखरेचा. जन्मात कधी बिनसाखरेचा केला नव्हता, त्यामुळे पत्ती किती घालायची याचा अंदाज चुकला होता. त्या पेल्याकडे आशेने बघत उभ्या राहिल्या.

"कसा झालाय गं?"

वहिनींनी घोट घेतला. सवयीने शब्द ओठांपर्यंत आलेही. त्यांनी ते गिळले.

"वाईट," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना बसायला खुर्ची द्यावी लागली. दीर एक नंबर मोठे बूट घेऊन आला होता, ते दोन नंबर मोठे निघाले. तसं सांगितल्यावर तो पिशवीसकट तसाच माघारी पळाला. वरून डॉक्टरांचा निरोप आला की वॉचमन पुन्हा ठेक्यात वाजवतोय, लवकर बऱ्या व्हा.

यजमानांना दुकान उघडायचं होतं. ते निघाले. दारापर्यंत गेले, आणि सवयीने, पाठमोरेच म्हणाले, "बरी आहेस ना?"

मग त्यांचे पाय थांबले. ते परत आले. त्यांनी स्टूल ओढलं, खाटेजवळ आणलं, त्यावर बसले, बूट काढून बाजूला ठेवले आणि पुन्हा विचारलं.

"दुखतंय का?"

वहिनींनी त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं. डाव्या मोज्याला भोक होतं. ते उठत नव्हते.

"हो," वहिनी म्हणाल्या. "खूप दुखतंय."

यजमान घाबरून गेले. या उत्तराच्या पुढे काय करायचं असतं हे त्यांना तेवीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी नर्सला हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, हात पुढे केला, मागे घेतला. शेवटी त्यांना एकच सुचलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

वहिनी सांगायला लागल्या. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.